देठासकट

आमच्या दाराच्या कडीला रोज सकाळी सहाच्या आत फुलपुडी लटकते. गेली सत्तावीस वर्षं. या काळात पुडीवाले बदलले, पानाची पुडी जाऊन कागदाची आली, महिन्याचं बिल कुठल्या कुठे गेलं, पण आतला ऐवज तोच राहिला. झेंडूची दोन, शेवंतीची तीन, मूठभर तगर, मंगळवारी एक जास्वंद, चार दूर्वा आणि तुळशीची मंजिरी. एवढ्या वर्षांत त्या पुडीतून एकाही फुलाबरोबर धड देठ आलेला नाही, हे माझ्या लक्षात आलं गेल्या वर्षी. निमित्त झालं लेकीने बंगळूरहून पाठवलेल्या काचेच्या एका उंच, सडपातळ भांड्याचं. सासूबाईंनी ते दोन दिवस सगळ्या बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाल्या, “सरबताचं असेल, तर तळापर्यंत हात जात नाही. घासायचं कसं गं हे?”

ती फुलदाणी होती.

मी हौसेने पुडी सोडली आणि फुलं तिच्यात टाकली. ती सगळी थेट तळाला गेली आणि आडात पडलेल्या माणसांसारखी वर बघत बसली.

मग विचार करताना कळलं, की आपलं फूल मानेपासून सुरू होतं. हार, वेणी, गजरा, गणपतीच्या सोंडेवर, देवीच्या पायाशी, रांगोळीच्या मधोमध, सगळी कामं मानेच्या वरची. हारवाल्याची सुई मानेतच शिरते. मानेखाली जे काही असतं तो फूलबाजारात पायाखाली येणारा कचरा. अपवाद निशिगंधाच्या छडीचा, पण ती स्टेजवर उभी राहते आणि कार्यक्रम संपला की मंडपवाल्याबरोबर जाते. दुसरा अपवाद पुष्पगुच्छाचा. आमचे हे निवृत्त झाले तेव्हा सहा पुष्पगुच्छ घरी आले. प्रत्येकात ग्लॅडिओलसच्या दोन काड्या, बाकी सगळा प्लास्टिकचा कागद. ते सहाही आम्ही बादलीत ठेवले आणि दोन दिवस आंघोळी पिंपातल्या पाण्याने केल्या.

घरात शोभेची फुलं नव्हती असं नाही. शोकेसमध्ये प्लास्टिकचे गुलाब होते. दर दिवाळीला टबात साबणाच्या पाण्यात त्यांचं अभ्यंगस्नान व्हायचं, मग ते दोरीवर मोज्यांशेजारी चिमट्याला लटकायचे. अशा घरात मी जाहीर केलं, की आता फुलदाणीसाठी फुलं लावणार, तीही बियांपासून, लांब देठाची.

“विकत मिळत नाहीत का?” नवरा म्हणाला. हा प्रश्न तो लोणच्यापासून लेकीच्या लग्नातल्या रुखवतापर्यंत सगळ्याला विचारत आला आहे.

आपल्याकडे थंडीच्या फुलांचं बी पावसाळा ओसरताना पेरतात. म्हणून गणपती पोहोचवून आल्यावर मी बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने वर न बघता विचारलं, “किती गुंठे?” मी म्हटलं, “सहा कुंड्या.” त्याने वर बघितलं. त्या नजरेत माझ्याविषयी जी काळजी होती ती माझ्या डॉक्टरांच्या नजरेतही मी कधी पाहिलेली नाही. मग त्याने फ्लॉवरच्या गड्ड्याएवढ्या फुलांचे फोटो छापलेली पाकिटं समोर टाकली. मी झिनियाची दोन घेतली, डॉग फ्लॉवरचं एक घेतलं आणि ॲस्टरचं एक.

ॲस्टरच्या पाकिटावर ‘फुले गणेश व्हाइट’ असं लिहिलं होतं. नवरा म्हणाला, “फुलेच आहेत ते दिसतंय की, वेगळं लिहायला कशाला पाहिजे?” त्याला सांगावं लागलं, की हे फुले म्हणजे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि गणेश म्हणजे त्यांचं गणेशखिंडचं संशोधन केंद्र. तिथल्या लोकांनी ॲस्टरचे पांढरा, गुलाबी, जांभळा असे चांगले वाण काढले आहेत. म्हणजे पुण्याच्या माणसाने अभिमानाने लावावं असं हे एकच फूल, आणि त्याचं शास्त्रीय आडनाव ‘चायनेन्सिस’. चालायचंच.

झिनियाचं बी बाणाच्या पात्यासारखं चपटं, बोटांत धरता येतं. डॉग फ्लॉवरचं बी मात्र म्हणजे निव्वळ अफवा. एका ग्रॅममध्ये काही हजार मावतात. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते मातीखाली झाकायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं. मी पाकीट फोडलं, तळहातावर ओतलं आणि त्याच क्षणी आतल्या खोलीत कुणीतरी पंखा लावला. त्या वर्षी आमच्या घरात डॉग फ्लॉवर कुठे कुठे पेरला गेला ते सांगता येणार नाही. ट्रेमध्ये पेरला गेला नाही एवढं खरं.

याच सुमाराला नवरात्र आलं. सासूबाईंनी पत्रावळीवर गुलमोहराखालची माती पसरली, मधे घट मांडला, डब्यातले गहू, ज्वारी, मूग जे हाताला लागेल ते मुठीने फेकलं आणि ओंजळीने पाणी शिंपडलं. पलीकडे मी अठ्ठ्याण्णव खळग्यांचा प्रो-ट्रे मांडला होता. चाळलेलं कोकोपीट, गांडूळखत, फवाऱ्याची बाटली, खळग्याखळग्याला चिठ्ठी आणि नवऱ्याने केलेला एक्सेलचा तक्ता, ज्यात ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन रकाने होते. तिसऱ्या दिवशी घटाला मोड आले. पाचव्या दिवशी माझ्या झिनियाने माना वर काढल्या. नवमीला घटाचं धान वीतभर होऊन पिवळं सोनं झालं होतं आणि ॲस्टरच्या रकान्यात अजून शून्य होतं. सासूबाईंनी ट्रेकडे बघून एवढंच म्हटलं, “पाणी घालतेस, पण हळदकुंकू वाहतेस का?”

वाहिलं. दोन दिवसांनी ॲस्टर उगवला. तो तसाही दहा-बारा दिवस घेतोच, हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

मग रोपं मेली. एका रात्रीत. संध्याकाळी शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी ताठ होती, सकाळी मातीलगत कंबर मोडून आडवी. याला मर म्हणतात. बुरशीचा रोग, आणि पाण्याचा अतिरेक हे त्याचं आवडतं निमंत्रण. चौकशी केली तेव्हा उघड झालं, की सकाळी पाणी मी घालत होते, दुपारी सासूबाई “उन्हाचं पोरांना” म्हणून घालत होत्या आणि रात्री नवरा “वरून कोरडं दिसलं” म्हणून घालत होता. एका ट्रेला तीन पालक.

मला त्या वेळी धीर आला तो अंतराळवीर स्कॉट केली यांच्यामुळे. २०१५ च्या शेवटी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात त्यांच्याकडेही झिनियाच होता, आणि त्यालाही जास्तीच्या ओलाव्याने बुरशी आली होती. पृथ्वीवरून ‘नासा’चं वेळापत्रक यायचं, अमुक दिवशी पाणी घाला. शेवटी केलींनी कळवलं, की बागकाम करायचं तर रोपाकडे बघूनच ठरवावं लागेल, वेळापत्रकाने चालायचं नाही. मग नासाने त्यांना झिनियाच्या संगोपनाचं एका पानाचं टिपण पाठवलं आणि पाण्याचा निर्णय त्यांच्यावर सोडला. आमच्या सोसायटीच्या माळीदादांनी मला जे सांगितलं त्याला तर पानही लागलं नाही. ते म्हणाले, “बोट घाला. कोरडं लागलं तर पाणी, नाही तर नाही.”

दुसऱ्या खेपेला रोपं जगली. ट्रेवर ‘बोट माझंच’ अशी चिठ्ठी लावली होती.

चार-पाच पानांच्या जोड्या आल्या, की रोपाचा शेंडा खुडायचा असतो. खुडला की बगलेतून फांद्या फुटतात, देठ लांब येतात आणि एका फुलाच्या जागी पाच-सहा मिळतात. मी कात्री घेऊन बसले. सासूबाई दारात उभ्या होत्या. पहिला शेंडा तुटला आणि त्या “अगं अगं अगं!” म्हणत अशा धावल्या, की शेजारच्या काकू ग्रिलपाशी आल्या. दोघींनी मिळून मला ऐकवलं. वाढत्याचा शेंडा खुडतात का? बोलूनचालून लेकुरवाळी बाई मी! मी कारण सांगितलं. काकू म्हणाल्या, “यूट्यूबवर काय, काहीही सांगतात.” त्यांच्या तुळशीच्या मंजिऱ्या त्या रोज खुडतात आणि तुळस झुडपासारखी भरली आहे, हे मी त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, “ती तुळस आहे.” या वाक्यापुढे जगात कुठलाच युक्तिवाद टिकत नाही.

आता एक कबुली. झिनियाच्या दोन पाकिटांपैकी एक ठेंगू जातीचं निघालं. कुंडीत शोभावं म्हणून वीतभर उंचीच्या जाती करतात आणि शहरात कुंडीवालेच जास्त, त्यामुळे दुकानात त्याच जास्त मिळतात. पाकिटावर फुलाचा फोटो एवढा मोठा, की झाडाची उंची लिहायला बारीक अक्षरच उरलं होतं आणि मी चष्मा नेला नव्हता. त्या फुलांना चार बोटांचा देठ आला. त्यांच्यासाठी खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन घेतली. लेकीला फोटो पाठवला. तिने उत्तर पाठवलं, ‘आई, कफ सिरप फुललंय का?’

दुसऱ्या पाकिटातली मात्र अडीच फूट गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फूल उमललं. रंग असा, की भगवा म्हणावा तर गुलाबी आणि गुलाबी म्हणावा तर डोळ्यांना त्रास. ज्याच्या नावावरून लिनीयसने झिनिया हे नाव ठेवलं तो योहान गॉटफ्रीड झिन हा जर्मन वैद्यकाचा प्राध्यापक होता आणि डोळ्याची रचना हा त्याचा खास विषय. डोळ्यातल्या भिंगाला धरून ठेवणाऱ्या तंतूंनाही त्याचंच नाव आहे. बिचारा १७५९ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेला. हे फूल बघितल्यावर डोळ्याच्या डॉक्टरचंच नाव का दिलं असेल, असा प्रश्न निदान मला पडला नाही.

सासूबाईंनी फुलाकडे एकदा बघितलं आणि निकाल दिला, “इंग्रजी दिसतंय. देवाला चालायचं नाही.” मी मनातून सुटले. सगळी फुलं फुलदाणीला मोकळी. पण तक्ता करणारा माणूस घरात असला की सुख टिकत नाही. नवरा पेपरमधून डोकं काढून म्हणाला, “इंग्रजी नाही गं आई, मेक्सिकोचं आहे. आणि मेक्सिकोचं म्हणशील तर आपला झेंडूही तिथलाच. निशिगंधही तिथला.”

सासूबाई क्षणभर थांबल्या. ऐंशी वर्षं दसऱ्याचं तोरण बांधलेल्या बाईला हे पचायला एवढा वेळ लागणारच. मग त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे झेंडूच्या माहेरचंच की हे!”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं फूल बाळकृष्णाच्या डोक्यावर होतं. मानेपासून. कुंडीत अडीच फुटांचा देठ छाटलेल्या उसासारखा उभा.

तिथून आमच्यात शीतयुद्ध सुरू झालं. तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे छत्रीच्या मुठीने लोकांच्या फांद्या वाकवणाऱ्या, पिशवीवाल्या मॉर्निंग वॉकवाल्यांपासून आम्ही सुरक्षित होतो, पण घरभेद्याला काय करणार? सासूबाई साडेपाचला उठतात. मी पाचला उठायला लागले. आणि मला एक शास्त्रार्थ आठवला. वास घेतलेलं फूल देवाला वाहत नाहीत. मी गजर लावून टेरेसवर जायची आणि कुडकुडत एकेका फुलाचा वास घेऊन यायची. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सासूबाई फुलं परडीत घालताना दिसल्या. मी म्हटलं, “आई, मी वास घेतलाय त्यांचा.” त्या म्हणाल्या, “त्याला वास आहे का?”

नव्हता. झिनियाला वास नसतो.

“मग घेतलास काय?” असं म्हणून त्या आत गेल्या आणि घंटा जरा जोरातच वाजली.

शेवटी तह झाला. तीन रोपं देवाची, तीन फुलदाणीची. खडूने कुंड्यांवर स्वस्तिक आणि पेला अशी चित्रं काढली. आता माझ्या मार्गात कुणी नव्हतं. आणि इथेच मी अडकले.

झिनिया कधी कापायचा याची एक खूण आहे. फुलाखाली वीतभर अंतरावर देठ धरायचा आणि हलवायचा. फूल लटलट मान हलवून ‘नको नको’ म्हणालं, तर थांबायचं, कारण कोवळं कापलेलं पुन्हा मान वर करत नाही. ताठ राहिलं तर तयार आहे. रोज पहाटे मी तिन्ही रोपांना विचारत होते. पहिले काही दिवस सगळी ‘नको’ म्हणाली. मग एक ताठ राहिलं. मी कात्री लावली आणि माझा हात उठेना. इतके दिवस पोसलेलं. मर, मावा, भुरी सगळ्यांतून वाचलेलं. उद्या कापू म्हटलं. उद्या म्हटलं, आणखी थोडं मोठं होऊ दे. मग रविवार आला, रविवारी कशाला. मग मार्गशीर्षातला गुरुवार. शिवाय कापायची वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची सांगतात, आणि दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाडं झोपलेली असतात, हे माझ्या आजीने सांगितलेलं. मला तेही कारण पुरलं.

फुलदाणी रिकामीच. फुलं कुंडीत म्हातारी झाली. पाकळ्या कागदासारख्या झाल्या, मधला भाग कोनासारखा वर आला, आणि रोपांनी नवी कळी धरणं जवळजवळ थांबवलं. त्यांचंही बरोबर होतं. रोपाला काय, बी धरायचं असतं. बी धरलं की त्याचं कर्तव्य संपलं, मग ते कशाला फुलतंय? पलीकडे स्वस्तिकवाली तीन रोपं रोज माना गमावत होती आणि चौफेर फुटून फुलांनी लगडली होती. सासूबाई काही बोलत नव्हत्या. त्यांना बोलायची गरजच नव्हती, परडी रोज माझ्यासमोरून जात होती.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन भरतं. तिथे जपानी पद्धतीच्या मांडण्या बघून आले आणि माळ्यावर आत्याची एक वस्तू शोधून काढली. जड, गोल, वर पितळी सुयांची दाट लव. नवऱ्याला ती कित्येक वर्षं पुरणयंत्राचा हरवलेला भाग वाटत होती. तो केन्झान होता, इकेबानात देठ टोचून उभा करायचा. त्यातल्या एका परंपरेत सर्वांत लांब देठाला शिन म्हणतात. भांड्याची रुंदी आणि उंची मिळवायची, त्याच्या दीडपट शिन. शिनच्या पाऊणपट सोए. त्याहून आखूड हिकाए. तीन देठांत काम भागतं. माझ्यासारख्या कंजूष बाईला देवानेच ही कला सुचवलेली. तरी ते तीनसुद्धा मला कापवेनात. केलींनी तर अंतराळात, जिथे शेजारून मागून आणायची सोय नाही, १४ फेब्रुवारीला आपली फुलं कापून गुच्छ केला होता. मी तो फोटो कितीदा बघितला असेल.

कोंडी फोडली ती अनपेक्षित माणसाने. लेकीच्या सासरचे संध्याकाळी येतो म्हणाले. मी करंज्या घेऊन परतले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि टेबलावर ती उंच फुलदाणी झिनियाने गच्च भरलेली होती. सोळा फुलं, हातभर देठाची, खालची पानं खुडलेली, बूड तिरकं कापलेलं. शेजारी विळी. सासूबाई पदराला हात पुसत होत्या.

“आई, संध्याकाळची झाडं झोपतात ना?”

“झोपलेलीच बरी. कळत नाही त्यांना.”

मी टेरेसवर गेले. स्वस्तिकाच्या कुंड्याही रिकाम्या होत्या. उद्या देवाला काय, विचारलं तर म्हणाल्या, “देवाला पुडी आहे की. माणसांचं काय?” व्याही आले, बसले, आणि विहीणबाईंनी बोलता बोलता हळूच एक पाकळी चिमटीत धरून दाबून बघितली. सासूबाईंनी ते पाहिलं. म्हणाल्या, “प्लास्टिक नाही हो. सुनेने बियांपासून केलीत. मी सांगत होते तिला शेंडा खूड, शेंडा खूड.”

ती फुलं आठ दिवस टिकली. पाणी रोज बदललं, देठाचं टोक दर दोन दिवसांनी पुन्हा कापलं. तांब्याचं नाणं, साखर, ॲस्पिरिन असे सल्ले आले, ते ऐकून घेतले. एकच काळजी घेतली. नवऱ्याने पिकायला ठेवलेले चिकू फुलदाणीपासून हलवून फडताळात टाकले. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने पुष्कळ फुलं लवकर मान टाकतात. चिकू मग सगळ्यांच्या विस्मरणात गेले आणि त्यांचं काय झालं ते वासावरून कळलं. पण सोळा देठ कापलेल्या त्या सहा रोपांनी फेब्रुवारी संपेपर्यंत किती फुलं दिली, ते तक्त्यात ‘प्रत्यक्ष’च्या रकान्यात आहे. नवऱ्याने तो रकाना पिवळा करून ठेवला आहे.

माझ्या न कापलेल्या फुलांचं बी आमच्याकडे बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवलं आहे. झिनियाचं पुष्कळ आहे, ते दोन-तीन वर्षं चालेल. आईबापाच्याच रंगाचं येईल अशी हमी नाही. ॲस्टरचं थोडं आहे आणि त्याची उगवण वर्षभरात उतरते, तेव्हा ते याच सप्टेंबरात पेरून टाका. कुणाला हवं असेल तर या. पिशवी आपली आणा, डबा मिळणार नाही. आणि येणार असाल तर दिवेलागणीनंतर या. सकाळी टेरेसवर सासूबाई असतात आणि त्या बियांबरोबर देठ कसा कापावा हेही शिकवतात. त्याला दीड तास लागतो.